तासिका तत्त्वावर

सव्वाबाराचा तास, एम.ए. भाग दोन, खोली नंबर एकोणीस.
पंखा फिरतो, पण स्वतःच्या मर्जीनं.
मी फळ्यावर लिहिते : उपरोध.
खडू मोडतो, ‘ध’ अर्धाच राहतो.

निबंध शंभर वर्षांपूर्वीचा.
लेखक अत्यंत नम्रपणे सुचवतो की
पटकीच्या साथीत जे मेले
त्यांच्याकडून म्युनिसिपालिटीनं दंड घ्यावा,
कारण मरण्यापूर्वी त्यांनी रीतसर अर्ज केला नव्हता
आणि त्यामुळे स्मशानाच्या वहीत
फार खाडाखोड झाली.

इथं मी थांबते.
हसण्यासाठी जागा धरून ठेवते,
एस.टी.त कुणासाठी रुमाल टाकावा तशी.
त्या जागेवर कुणी येऊन बसत नाही.

बावीस माना खाली.
आस्मा मुल्लाणी लिहून घेते :
‘लेखक दंडाच्या बाजूने आहे.’
श्रेणिक मगदूम हात वर करतो,
“मॅडम, दंड किती होता? विचारतात का परीक्षेत?”

मी म्हणते, तो बोलतोय ते त्याला म्हणायचं नाहीये.
“मग म्हणायचंय ते का नाही लिहिलं?”

प्रश्न चुकीचा नाही.
सरळ लिहिणारेही होते तेव्हा, पुष्कळ होते.
त्यांचं सगळ्यांना पटलं,
आणि पटलं म्हणून घडी घालून कपाटात गेलं.
हे मी बोलत नाही. अभ्यासक्रमात नाही.

शेवटच्या बाकावर इंद्रजित खाडे,
शिरोलीच्या फाउंड्रीतली रात्रपाळी करून आलेला,
नखांत काळी वाळू, हनुवटी छातीवर.
“इंद्रजित, उशी आणून देऊ?”
तो दचकून उभा राहतो
आणि अख्खा वर्ग फुटतो.

आत्ता, मी म्हणते. आत्ता का हसलात?
कुठाय उशी?

शांतता. पंखा एकदा कुरकुरतो.
मग इंद्रजितच, डोळे चोळत :
“आमची आई रोज असंच करती, मॅडम.
दोन वाजता दार उघडती आन् म्हणती,
आलास व्हय? लवकर आलास की रं!”
मागून कुणीतरी कपिलतीर्थ मंडईतली बाई आणते :
“दाबा की वांगी, दाबायलाच आणल्यात.”
श्रेणिक त्याच्या काकाला आणतो,
भाड्याची पावती मागितली की जो म्हणतो,
“सोन्याच्या फ्रेमीत देऊ का?”
घंटा झाली तरी कुणी उठत नाही.
सगळ्या गावाला जे तोंडपाठ आहे
ते मी अकरा वर्षं व्याख्येतून शिकवत होते.

पुढच्या सोमवारी आस्मानं तिचा निबंध वाचला,
बातम्या सांगाव्यात तशा आवाजात.
तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना
भूकही तासिका तत्त्वावरच लागावी,
असं परिपत्रक तातडीनं निघावं.
त्यांनी आजार दिवाळीच्या सुट्टीत उरकावेत.
मानधन जूनपासून आलेलं नाही,
तेव्हा जून आलाच नाही असं समजून
त्यांनी कॅलेंडरं परत करावीत,
मागची बाजू कार्यालयाला उपयोगी पडते.

या वेळी मी जागा धरली नव्हती.
कुणी हसलं नाही.
बावीस माना वर होत्या, माझ्याकडे.
मी खिडकीबाहेर बघत राहिले,
सायकल स्टँडवर कुणाची तरी चेन पडली होती.

दहापैकी नऊ दिले.
एक नुसताच कापला,
मास्तरकी शिल्लक आहे हे दाखवायला.

निबंध भित्तिपत्रकावर लागला, टाचणीनं, थोडा तिरका.
बुधवारी हेडक्लार्क चव्हाणके
चष्मा कपाळावर सरकवून
त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते.
मला बघून म्हणाले,
“हे परिपत्रक कधी आलं, बाई?
जावक क्रमांक दिसत नाही यावर.”

मी म्हटलं, येईल की.
लवकर येईल.